महाराष्ट्रातल्या तुरुंगात जेलर मोठा की अधीक्षक? कोण काय बघतो?

मोठा अधीक्षक. जेलर म्हणजे तुरुंगाचा मालक, हा समज सिनेमाने करून दिलेला. आपल्याकडे त्याला तुरुंगाधिकारी म्हणतात आणि तो अधीक्षकांच्या हाताखाली असतो.

खालून सुरुवात केली तर शिपाई, हवालदार, सुभेदार. मग तुरुंगाधिकारी श्रेणी 2, श्रेणी 1, वरिष्ठ तुरुंगाधिकारी, उपअधीक्षक, अधीक्षक. त्यांच्या वर विभागाचे उपमहानिरीक्षक. खातेप्रमुख पुण्यात बसतात, ते आयपीएस असतात.

शिस्त, कैद्यांची कामे, खर्च, शिक्षा हे अधीक्षकांचे. पण 1894 च्या कारागृह कायद्याने जेलरच्या गळ्यात काय बांधले ते बघा: कैद्यांना आत ठेवायचे कोर्टाचे आदेश म्हणजे वॉरंटे, सगळे दप्तर, आत येताना काढून घेतलेले पैसे आणि वस्तू. अधीक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय एक रात्रसुद्धा बाहेर राहायचे नाही.

जामीन मिळूनही माणूस सुटत नाही तेव्हा घरचे गेटवरच्या शिपायावर चिडतात. त्याच्या हातात झडती आणि आत-बाहेर जाणाऱ्यांची नोंद, एवढेच. गाडी अडते तुरुंगातल्याच न्यायालयीन विभागात. तिथला तुरुंगाधिकारी आदेशातले नाव, वडिलांचे नाव, गुन्हा क्रमांक आणि कलमे वॉरंटशी ताडून बघतो. एखादे कलम आदेशात राहून गेले की सुटका थांबली. दुसऱ्या गुन्ह्यातले वॉरंट बाकी असले तरी तेच. अशा वेळी साहेबांना भेटून उपयोग नसतो. वकिलाकडून कोर्टातूनच दुरुस्ती करून आणावी लागते.

खरा घाम निघतो संध्याकाळच्या गिनतीला. शिपाई बराकीत डोकी मोजतो, हवालदार पुन्हा मोजतो, सगळ्या बराकींची बेरीज नोंदवहीतल्या आकड्याशी जुळवतात. एकाचा जरी फरक आला तरी पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक वेळा कोणी पळालेले नसते: दवाखान्यात ठेवलेला, कोर्टातून उशिरा आलेला किंवा दुपारी बराक बदललेला माणूस एका वहीत चढलेला असतो, दुसऱ्या वहीत नसतो.

फर्लोचा, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्याच्या रजेचा अर्ज मात्र अधीक्षकांकडे देऊन संपत नाही. तो पुढे विभागीय उपमहानिरीक्षकांकडे जातो, आणि पोलीस ठाण्याचा अहवाल आला नाही तर तिथेच पडून राहतो. तेव्हा चौकशी तुरुंगात नाही, आधी त्या ठाण्यात करा.