एलिफंट सील या महाकाय समुद्री प्राण्याची आई महिन्याभरात पिल्लाला टाकून जाते म्हणतात, मग ते पिल्लू जगतं कसं?

जाते हे खरंय, पण त्याला टाकून जाणं म्हणणं मला पटत नाही.

कॅलिफोर्नियातल्या आन्यो नुएवो किंवा पिएद्रास ब्लांकासच्या किनाऱ्याचंच घ्या. डिसेंबरअखेरपासून तिथे पिल्लं जन्मतात, अंगावर काळी लव, वजन 30-35 किलो, आणि पुढचे साधारण चार आठवडे आई त्याला दूध पाजते पण स्वतः काहीच खात नाही, पाण्यातही जात नाही. दुधात सुरुवातीला फॅट कमी असतं, मग वाढत वाढत निम्म्याच्या वर जातं, म्हणजे दूध कसलं, जवळपास लोणीच! दूध सुटेपर्यंत पिल्लू 120-130 किलोच्या आसपास पोचतं आणि आईचं वजन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरलेलं असतं. आता तिने खायला समुद्रात जायचं नाही तर काय करायचं?

किनाऱ्यावरचा खरा धोका त्याआधीच असतो. गर्दीत नर एकमेकांवर धावून जातात, मध्ये कोण आहे ते बघत नाहीत आणि पिल्लं चिरडली जातात, किंवा वादळात मोठ्या लाटा आल्या की आईपासून तुटतात, आणि परक्या पिल्लाने तोंड लावलं तर बऱ्याच माद्या सरळ चावतात. काही बेरकी पिल्लं मात्र दुसरीचं दूध चोरून दुप्पट जाडी होतात.

आई गेल्यावर पिल्लू आठ-दहा आठवडे किनाऱ्यावरच राहतं, उपाशी. साठवलेल्या चरबीवर जगतं, पाण्याची गरजही बरीचशी त्या चरबीतूनच भागते. काळी लव जाऊन चंदेरी येते, मग उथळ पाण्यात, बहुतेक रात्री, पोहायची डुबायची प्रॅक्टिस चालते, शिकवायला कोणीच नसतं. वजनाचा तिसरा हिस्सा असाच जातो आणि एप्रिलच्या सुमारास ती एकेक करून निघतात. त्या पहिल्या सफरीतून निम्म्याच्या आसपास परतच येत नाहीत, त्यामुळे दुधाच्या दिवसात जी चरबी साठली तिच्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

म्हणून किनाऱ्यावर असं एकटं लोळत पडलेलं पिल्लू दिसलं तर ते आजारीच आहे असं समजून पाण्यात ढकलायला जाऊ नका, अमेरिकेत 1972 च्या सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाच्या कायद्याने त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. जखमी वाटलं तर लांबूनच तिथल्या रेंजरला सांगा.