पाटीवर १९८९, पावतीवर भलतंच नाव

कळव्याहून एका वाचक मुलीने कागदपत्रांच्या फोटोंसह लिहिलं आहे: ‘बारावीनंतर २०२३ साली नौपाड्यातल्या एका खासगी करिअर कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंटच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. फी १,४१,६०० रुपये. त्यातल्या ९०,०००चं कर्ज कॉलेजच्या ऑफिसात बसणाऱ्या फायनान्सवाल्यानेच करून दिलं, बाबा सहकर्जदार. २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलंच नाही. सरांचा फोन बंद. दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कशीट आणि एल.सी. त्यांच्याकडेच अडकलेत, हप्ते मात्र चालू आहेत. माहितीपत्रकावर “स्थापना १९८९, शासनमान्य” असं छापलंय. पस्तीस वर्षांचं कॉलेज असं बंद होतं का? पैसे मागायचे कोणाकडे?’

ते कॉलेज पस्तीस वर्षांचं नव्हतं. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावरची ‘आमची वाटचाल’ तुम्ही वाचली नसेल. कोणीच वाचत नाही. मी वाचली. १९८९ साली सुरू झाला तो टायपिंग-शॉर्टहँडचा क्लास. स्टेशनजवळच्या अशा क्लासांतली खडखड ऐकत ठाण्यातली एक पिढी बँकांत आणि मंत्रालयात लागली. टायपिंगची सरकारी परीक्षा असे, तिचं प्रमाणपत्र नोकरीला चाले. तेव्हाचं ‘शासनमान्य’ खरं असणार. पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, मग डीटीपी, आणि २०१२ पासून हॉटेल मॅनेजमेंट. पाटीवर विषय बदलत गेले, ‘शासनमान्य’ तेवढं जागच्या जागी राहिलं. तुमच्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर कुठल्या मंडळाचं वा विद्यापीठाचं नाव नाही, फक्त कॉलेजचा गोल शिक्का आहे. म्हणजे टायपिंगची मान्यता डिप्लोम्याला चिकटवली.

आता पावती बघा. वर कॉलेजचं नाव ठळक, खाली बारीक अक्षरात जीएसटी क्रमांक. तो मी जीएसटीच्या पोर्टलवर टाकला, तर नोंदणी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर निघाली. कंपनी २०१८ची. कायद्याच्या लेखी ‘कॉलेज’ ही नुसती पाटी. तुमचा करार झाला तो या कंपनीशी. नोटीस पाटीच्या नावाने धाडलीत तर पोस्टमन ती परत आणेल. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता आणि संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर मिळतात. कंपनी अजून ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसते. उद्या तिचं नाव नोंदवहीतून काढलं गेलं तरी संचालकांची देणी पुसली जात नाहीत. (पाटीमागे ट्रस्ट निघाला असता, तर याच शोधासाठी धर्मादाय कार्यालयात जावं लागलं असतं.)

त्याच पावतीत आणखी एक गंमत आहे. फी १,२०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, २१,६००. कायद्याने मान्य असलेल्या पदविकेच्या शिक्षणावर जीएसटी लागत नाही. ज्यांनी माहितीपत्रकात ‘शासनमान्य’ छापलं, त्यांनीच पावतीत आपला कोर्स तसा नसल्याची कबुली दिली. हा एकटा पुरावा पुरेसा नाही, पण माझ्या हाती खटला असता तर मी पहिलं बोट इथेच ठेवलं असतं.

कारण पैसे परत मागायला ग्राहक आयोगात गेलात, की समोरचा वकील हमखास म्हणणार, शिक्षण म्हणजे ‘सेवा’ नव्हे, म्हणून ग्राहक कायदा इथे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा महर्षी दयानंद विद्यापीठाचा निकाल तो दाखवेल. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा जानेवारी २०२०चाही, ज्यात व्यवसाय शिक्षणसुद्धा वगळलंय आणि फक्त कोचिंग क्लास ग्राहक कायद्याखाली ठेवलेत. आपलं उत्तर २००९च्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या निकालात आहे. तिथे संलग्नता आणि मान्यता नसताना ती असल्यासारखी जाहिरात करून मुलं घेतली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. दार आहे, पण सताड उघडं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तरी जायचंच. तक्रार ठाणे जिल्हा आयोगात होईल, कारण तुम्ही राहता तो जिल्हाही चालतो. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ‘ई-जागृती’वरून ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. घड्याळ २०२४च्या दिवाळीपासून धरा. ती हुकली, किंवा आयोगाने ‘हे शिक्षण आहे’ म्हणून परत पाठवलं, तर वसुलीचा दिवाणी दावा तीन वर्षांत करता येतो. त्यासाठी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पोलिसांत गेलात तर ‘हा दिवाणी मामला आहे’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. धंदा बुडणं हा गुन्हा नाही. फसवायचा इरादा मुळापासून होता हे दिसावं लागतं. म्हणून बॅचच्या मुलांना एकच विचारा: बंद होण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत नवे प्रवेश घेतले का, पूर्ण फी आगाऊ घेतली का? तसं असेल तर सगळ्यांनी मिळून जा. तुमचा प्रवेश २०२३चा असल्याने त्यापुरतं जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२० लागेल; १ जुलै २०२४ नंतर ज्यांना फसवून घेतलं, त्यांना भारतीय न्याय संहितेचं ३१८.

ओरिजिनलबद्दल एक चूक सगळे करतात. ‘मार्कशीट हरवली’ अशी नोंद पोलिसांत करू नका. ती हरवलेली नाही, कॉलेजने ठेवून घेतली आहे, आणि तसंच लिहून द्या. खोटी नोंद पुढे तुमच्याच तक्रारीवर उलटेल. खऱ्या नोंदीची प्रत घेऊन मार्कशीटच्या दुसऱ्या प्रतीसाठी वाशीच्या विभागीय मंडळाकडे अर्ज करा, एल.सी.साठी आपल्या जुन्या कॉलेजात. तोवर डिजिलॉकरमधली गुणपत्रिका काढून ठेवा.

आणि हप्ते रागाने थांबवू नका, बाबांचं नावही कर्जात आहे. कॉलेज बंद झाल्याचं पत्र या आठवड्यात फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला द्या, पोच घ्या. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही फुकट. ज्या दिवशी ऑफिसात कर्जाच्या कागदांवर सह्या झाल्या, त्या दिवशीचा तुमचा किंवा बाबांचा फोटो, मेसेज काही असेल तर शोधा: फायनान्सवाला कॉलेजच्याच टेबलावर बसला होता, हे दाखवता आलं तर ग्राहक आयोगातल्या तक्रारीत फायनान्स कंपनीलाही दुसरा सामनेवाला करता येईल.