प्लॅस्टिकच्या खोक्याला सॉलिडवर्क्समध्ये ड्राफ्ट कधी द्यावा आणि न्यूट्रल प्लेन कोणते निवडावे?

वरून उघड्या, ४० मिमी खोल आणि २ मिमी जाडीच्या एबीएस प्लॅस्टिकच्या खोक्याला शेल (आतून पोकळ करणे) आणि फिलेट (कडांची गोलाई) देऊन झाल्यावर ड्राफ्ट (पार्ट मोल्डमधून सुटावा म्हणून भिंतींना दिलेला कल) द्यायला गेल्यास सॉलिडवर्क्स हे मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर चूक दाखवते, आणि न्यूट्रल प्लेन म्हणून काय निवडावे हेही कळत नाही, असे आपण लिहिले आहे. मी काही वर्षे पुण्याजवळच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे मोल्ड (साचे) बनवणाऱ्या कारखान्यात, मोल्ड डिझाइनचे काम केले आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

पहिली अडचण फीचरच्या क्रमाची आहे. तळ आणि भिंत यांच्यामधला फिलेट भिंतीला स्पर्शरेषेत जुळलेला असतो. भिंत एक अंशाने जरी कलली तरी ती जुळणी मोडते, आणि ड्राफ्टचे फीचर तो फिलेट आपणहून नव्याने बांधून देत नाही. म्हणून फीचर ट्रीमधली (फीचरच्या क्रमवार यादीतली) रोलबॅकची पट्टी शेल आणि फिलेट यांच्या वर ओढून न्यावी, तेथे ड्राफ्ट द्यावा आणि मग पट्टी पुन्हा खाली आणावी. कडा त्याच राहिल्यामुळे पुढची फीचर बहुतेक वेळा विनातक्रार पुन्हा उभी राहतात. नवीन मॉडेल करताना आधी भरीव ठोकळा, मग ड्राफ्ट, मग बाहेरचे मोठे फिलेट, त्यानंतर शेल आणि शेवटी रिब (आधाराच्या पातळ उभ्या पट्ट्या) व बॉस (स्क्रूसाठीचे उंचवटे), असा क्रम मी ठेवतो.

शेलच्या आधी ड्राफ्ट देण्याचे कारण केवळ सॉफ्टवेअरच्या सोयीचे नाही. शेल बाहेरच्या भिंतीला समांतर आतली भिंत काढते, त्यामुळे बाहेरचा कल आतही आपोआप येतो आणि जाडी सर्वत्र २ मिमी राहते. शेलनंतर फक्त बाहेरून एक अंश दिला, तर ४० मिमी खोलीवर भिंत ०.७ मिमी आत सरकते, म्हणजे तळाशी जाडी १.३ मिमी उरते, आणि आतली भिंत मात्र सरळच राहते. हे दुसरे नुकसान जास्त गंभीर आहे, कारण प्लॅस्टिक थंड होताना आकसते ते कोअरवर, म्हणजे मोल्डच्या खोक्याच्या पोकळीत शिरणाऱ्या भागावर, आणि पार्ट अडकतो तोही बहुधा कोअरलाच. बाहेरच्या बाजूने तो कॅव्हिटीपासून (मोल्डच्या बाहेरच्या, खोलगट भागापासून) स्वतःच थोडा सुटतो. ड्राफ्टची खरी गरज डोळ्यांना न दिसणाऱ्या आतल्या भिंतीला असते, हे मला एका खोल आवरणाच्या कामात कळले. मी आतल्या भिंती सरळ ठेवल्या होत्या. पहिल्याच ट्रायलला पार्ट ढकलून बाहेर काढणाऱ्या इजेक्टर पिनांनी तळ पांढरा पाडला आणि भिंतींवर उभे ओरखडे आले. शेवटी कोअर निमुळता घासून घ्यावा लागला, आणि त्यामुळे भिंत तळाकडे जाड झाली ती कायमचीच.

आता न्यूट्रल प्लेन. ड्राफ्ट देताना ज्या प्रतलावरचे माप बदलत नाही ते न्यूट्रल प्लेन, आणि म्हणून त्याची निवड हा मापाचा निर्णय आहे. आपल्या खोक्यावर झाकण बसणार असेल तर उघड्या तोंडाचे माप जपायला हवे. तोंडाचा पृष्ठभाग निवडा, मग प्रत्येक बाजूला ०.७ मिमी याप्रमाणे तळाची लांबी आणि रुंदी १.४ मिमीने कमी होईल. तळाशी एखादा सर्किट बोर्ड घट्ट बसणार असेल तर तळ निवडा आणि तोंड तेवढे मोठे होऊ द्या. दोन्ही मापे तंतोतंत हवीत असा हट्ट चालत नाही. ड्रॉइंगवर माप तोंडाशी आहे की तळाशी हे स्पष्ट लिहावे, नाहीतर तपासणीत तोच पार्ट एका माणसाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक वाटतो.

रिबच्या बाबतीत न्यूट्रल प्लेन चुकले तर दोष थेट बाहेरच्या दर्शनी पृष्ठभागावर उमटतो. २ मिमी भिंतीसाठी रिबची बुडाची जाडी १.२ मिमीच्या वर नेऊ नये. २० मिमी उंच रिबला टोकाशी १.२ मिमी धरून दोन्ही बाजूंनी एक अंश दिला, तर बूड १.९ मिमी होते आणि बाहेरच्या बाजूला सिंक मार्क, म्हणजे खळगा, पडतो. बूड १.२ मिमी धरून तोच एक अंश दिला तर टोक ०.५ मिमी उरते, आणि तिथवर प्लॅस्टिक पोहोचणे अवघड होते. अशा ठिकाणी मी बूड स्थिर धरून अर्धा अंश देतो. टोकाशी साधारण ०.८५ मिमी उरतात, ते पुरते.

किती अंश द्यावेत, तर गुळगुळीत भिंतींना एक ते दीड अंश बहुधा पुरतो. बाहेर टेक्स्चर (खडबडीत नक्षी) असेल तर त्याच्या प्रत्येक ०.०२५ मिमी खोलीमागे आणखी एक ते दीड अंश धरावा, आणि हा आकडा मॉडेल करण्याआधीच टेक्स्चर करणाऱ्याकडून घ्यावा.

शेवटी ड्राफ्ट ॲनालिसिस, म्हणजे भिंतींचा कल रंगांनी दाखवणारी तपासणी, चालवा. ओढण्याची दिशा तळाकडे धरली तर बाहेरच्या भिंती हिरव्या आणि आतल्या भिंती व रिब लाल दिसतील. हा लाल रंग पाहून अनेक जण घाबरतात आणि कल उलटा करून बसतात; तसे करू नका, कारण तो पृष्ठभाग मोल्डच्या दुसऱ्या अर्ध्या भागातून, म्हणजे कोअरवरून, सुटणार आहे एवढाच त्याचा अर्थ. पिवळा रंग मात्र कल अपुरा असल्याचे सांगतो, तो सोडू नका. बाहेरची एखादी भिंत लाल दिसली तर तेथे कलाची दिशा उलटी पडली आहे. ड्राफ्टचे फीचर उघडून दिशेचा बाण फिरवा आणि तपासणी पुन्हा चालवा.