सासूबाईंची 'कमजोरी' डॉक्टरना कळणार कशी?

प्रश्न: सासूबाई ५८ वर्षांच्या, बाजारात मासे विकतात. वर्षभर झालं, खोकल्या, शिंकल्या किंवा पाटी उचलली की लघवी सुटते. म्हणून दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत, त्यात चार-चार दिवस पोट साफ नाही. दवाखान्यातले डॉक्टर हिंदी बोलणारे, या मालवणी. तिथे 'कमजोरी आसा' एवढंच सांगतात आणि टॉनिक घेऊन येतात. काय करू?
– एक सून, वेंगुर्ले तालुका

उत्तर: ताई, टॉनिकने हे थांबणार नाही, कारण खरा त्रास डॉक्टरांपर्यंत पोचलाच नाहीये. बाळंतपणं, पाळी जाणं, वर्षानुवर्षं जड उचलणं, यामुळे मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू सैल पडतात आणि पोटावर जोर आला की लघवी सुटते. वय झालं म्हणून सोसायची गोष्ट नाही ही, खूप बायकांना व्यायामानेच फरक पडतो.

व्यायाम असा, वारा सरताना रोखून धरतो तसं खालचं अंग आत ओढून धरायचं, मग सैल सोडायचं, श्वास रोखायचा नाही. एका वेळी ८ दा, दिवसातून ३ वेळा, आणि निदान ३ महिने, कारण आठवड्याभरात काही दिसलं नाही की बायका सोडून देतात, तिथेच घोळ होतो. लघवी करताना मधेच थांबवून हा व्यायाम करू नये. जमतंय की नाही कळत नसेल तर फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

पाणी मात्र तोडू नका हो! लघवी दाट झाली की मूत्राशय जास्त चाळवतं, शौच कडक होतं, मग कुंथून कुंथून तेच स्नायू आणखी ढिले. चहा कमी करा, पाणी दिवसभर थोडं थोडं, जेवणात कुळीथ, पालेभाजी, पेज-भाताबरोबर फळंही. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती ते डॉक्टरांना विचारूनच.

लघवीत किंवा शौचात रक्त, ताप आणि जळजळ, लघवी अडकणं, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, यातलं काही असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

आणि भाषेचं म्हणाल तर, ऑस्ट्रेलियात या त्रासासाठी नर्सची हेल्पलाइन आहे आणि दुभाष्यामार्फत आपल्या भाषेत बोलता येतं, आपल्याकडे सध्या तो दुभाष्या तुम्हीच. घरी त्यांना त्यांच्याच शब्दांत विचारा, 'खोकल्यार लघवी सुटता काय?' तीन दिवस किती वेळा जातात, कधी सुटते, पोट कधी साफ झालं ते वहीत लिहा. मग सोबत जा, वही पुढे ठेवा आणि सरळ सांगा, 'खाँसने पर पेशाब छूट जाता है.'