नडगीत रॉड आहे, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसत नाही. सोनोग्राफीत कळेल का?

ताई, वडिलांच्या नडगीत रॉड टाकून सात आठवडे झाले, एक्स-रेत फट तशीच दिसते आणि कोरेगावात कुणीतरी सोनोग्राफी सुचवली, म्हणून तुम्ही विचारलंय. मी मिरजेत सोनोग्राफी करतो. बहुतेक पोटाच्याच, पण हाडांचे पेशंटही अधूनमधून येतात. तर कळतं, आणि कधी कधी एक्स-रेच्या आधी कळतं. पण वडिलांनी पायावर भार द्यायचा की नाही, हे एकट्या सोनोग्राफीवर ठरवू नका.

मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, मग तिथे कुर्चेसारखा मऊ जोड धरतो, आणि त्यात कॅल्शियम भरायला आणखी काही आठवडे जातात. एक्स-रेत तो मऊ जोड उमटतच नाही. त्यामुळे फट दिसली म्हणजे तिथे काहीच घडत नाही, असं समजून घाबरू नका.

सोनोग्राफीच्या लहरी हाडाच्या वरच्या थरावरूनच बहुतांशी परत फिरतात. पडद्यावर हाड म्हणजे एक पांढरी रेघ आणि तिच्याखाली काळोख. हाड मोडलं की रेघ तुटते. नडगी कातडीच्या लगेच खाली असल्यामुळे हे फार स्वच्छ बघता येतं. सुरुवातीला त्या फटीतून आतला रॉड चकाकताना दिसतो. जोड भरत गेला की आधी करडं, मग पांढरं होत जातं आणि रॉड झाकला जातो. डॉपलर, म्हणजे मशीनमधली रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय, लावला तर नव्या रक्तवाहिन्याही दिसतात. वाळव्याकडचा एक ट्रॅक्टरचालक आठव्या आठवड्यात आला होता, घरच्यांनी दुसऱ्या ऑपरेशनची धास्ती घेतलेली. प्रोब, म्हणजे मशीनचं कातडीवर टेकवायचं टोक, ठेवला तर फटीत रॉड दिसेना, वर जोड आलेला. त्यांच्या सर्जननी थांबायचं ठरवलं. पुढच्या एक्स-रेत तोच जोड उमटला, तेव्हा मला फार समाधान वाटलं.

आता मर्यादा. प्रोब ठेवतो त्या बाजूचंच दिसतं, हाडाची मागची बाजू नाही. वर प्लास्टर असेल तर काहीच नाही. मांडीचं हाड खोल असतं, तिथे अवघड जातं. शिवाय बघणाऱ्याचा हात हाडावर बसलेला हवा. आणि जोड दिसला तरी तो किती पक्का झालाय, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसं मोडीच्या एका बाजूने लहर सोडून दुसऱ्या बाजूला किती वेगाने पोचते हे मोजायची पद्धत आहे. मऊ भागात लहर सेकंदाला सुमारे १५४० मीटर जाते, टणक हाडात त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून जोड टणक होईल तसा वेग वाढतो. पण ही पद्धत अजून मुख्यतः संशोधनातच आहे.

एक घोटाळा मात्र टाळा. फिजिओथेरपीत ज्याला 'अल्ट्रासाउंडचा शेक' म्हणतात तो वेगळा, त्यात काही बघत नाहीत. हाड लवकर जुळावं म्हणून रोज २० मिनिटं लावायचं मंद लहरींचं यंत्रही मिळतं. तुमच्या वडिलांसारख्याच, नडगीत रॉड टाकलेल्या ५०० जणांवर अमेरिका-कॅनडात त्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले: खरं यंत्र लावलेल्यांत आणि नुसतं बंद यंत्र लावलेल्यांत काही फरक पडला नाही. त्यावर पैसे घालू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आणि मशीन घेऊन घरी येतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक मशीन नोंदणीकृत जागेशी बांधलेलं असतं, तपासणी हाडाची असली तरी.

सात आठवडे म्हणजे उशीर नव्हे. नडगीला चार ते सहा महिने लागणं नेहमीचं आहे. वडील विडी ओढत असतील तर आजच बंद करा, तिने हाड जुळायला खरोखर उशीर होतो. साखर तपासून घ्या. सर्जनना विचारून, ते हो म्हणाले तर सोनोग्राफी करा, आणि जाताना पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे बरोबर न्या. जखमेतून पाणी किंवा पू, ताप, लाली किंवा वाढत जाणारं दुखणं, यातलं एक जरी असलं तरी सोनोग्राफीच्या नंबरची वाट बघू नका, त्याच दिवशी सर्जनकडे जा.