दिवाणखान्यातला खाना

चिऊ,

शनिवारी फोनवर आजी म्हणाली, "पाहुणे आलेत, दिवाणखान्यात बसलेत," आणि तू लगेच विचारलंस, "खाना म्हणजे जेवण ना? मग ते तिकडे जेवतायत का?" मी पोळ्या लाटत होतो, "नाही गं" एवढंच म्हणालो. तुझा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून नीट लिहितो.

जेवणाचा खाना हिंदीतला. हा खाना फारसी, म्हणजे घर किंवा जागा. दवाखाना, कारखाना, तोफखाना यांतही तोच. 'दिवाण'सुद्धा फारसीच. त्याचा जुना अर्थ हिशेबाची, नोंदींची वही. पुढे वह्या ठेवायची कचेरी दिवाण झाली, मग दरबार, आणि कारभार बघणारा माणूसही. दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-आममध्ये बादशहा लोकांच्या फिर्यादी ऐकायचा. आपण पैशाच्या, जमिनीच्या भांडणाला अजून दिवाणी दावा म्हणतो. बसायच्या गादीच्या दिवाणाचं नावही तिथलंच. आणि लियॉंच्या विमानतळावर सामान तपासतात तिथली 'दुआन' ही पाटी तू मला वाचून दाखवली होतीस, आठवतं? तोही हाच शब्द, अरबीतून इटलीमार्गे फ्रेंचमध्ये आलेला. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

पेशवाईतल्या मोठ्या वाड्यांत दिवाणखाना बहुतेक वरच्या मजल्यावर, दर्शनी बाजूला असे. सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, हंड्या-झुंबरं, भिंतीला लोड-तक्के. बाहेरचा माणूस तिथवर यायचा. माजघर घरच्यांचं.

आजीकडे झुंबर नाही, पण रीत तीच होती. पाहुणे आले की आम्ही मुलं गूळ-पाणी नेऊन ठेवायचो आणि मागे सरायचो. मधे बोलायचं नाही. एरवी दुपारी ती खोली आजोबांची. खिडकीखाली उतरत्या झाकणाचं बुटकं डेस्क, पुढे मांडी घालून आजोबा, आणि लाल कापडी पुठ्ठ्याची खातेवही. बोरू नव्हे, टाक वापरायचे. त्याची कुरकुर जिन्यात ऐकू यायची. दिवाण म्हणजे मुळात वही, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती वही तिथेच होती.

डेस्क अजून जागेवर आहे. येत्या शनिवारी आजीला फोन तिकडे वळवायला सांग. वरच्या कडेला दौत ठेवायची गोल खाच आहे, ती बघ.

तुझा,
बाबा