रोझ झँगचं कॉलेज गोल्फमधलं रेकॉर्ड एवढं डोक्यावर घेण्यासारखं आहे का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन गोल्फर रोझ झँगने स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीकडून खेळताना २० पैकी १२ स्पर्धा जिंकल्या म्हणून थेट टायगर वुड्सशी तुलना, हे जरा जास्तच होत नाही का, शेवटी कॉलेजचंच गोल्फ ना, आणि मग दोनच वर्षांत प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू, व्हायचा निर्णय बरोबर होता का. मी न्यू जर्सीत राहते, महिला गोल्फ बरीच वर्षं फॉलो करते आणि रोझला प्रत्यक्ष खेळताना पाहिलंय, त्यामुळे सविस्तर लिहिते. माझं उत्तर: नाही, अजिबात जास्त होत नाहीये. पण लोक कौतुक करतात ते चुकीच्या आकड्याचं, असं मला वाटतं.

आधी १२ चा आकडा बघू. गोल्फमध्ये जिंकणं म्हणजे काय हे आपल्याकडे पटकन लक्षात येत नाही कारण आपलं डोकं क्रिकेटचं, तिथे समोर एकच टीम असते आणि अर्ध्या मॅच जिंकलात तरी ठीकठाक म्हणतात, इथे एका स्पर्धेत सत्तर-ऐंशी जणी असतात आणि जिंकते एकच. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूसुद्धा बहुतेक आठवडे हरूनच घरी जातात. स्टॅनफर्डमध्ये टायगरने १९९४ ते १९९६ या दोन वर्षांत २६ स्पर्धांत ११ जिंकल्या होत्या, नंतर पॅट्रिक रॉजर्स आणि मॅव्हरिक मॅकनीली यांनी ११ ची बरोबरी केली पण जास्त वर्षं खेळून. रोझने दोन सीझनमध्ये २० स्पर्धांत १२ केल्या. म्हणजे टायगरचं नाव मध्ये येतं ते कुणी उगाच घुसवलेलं नाही, एकाच कॉलेजच्या रेकॉर्डबुकात ही दोन नावं खाली-वर आहेत एवढंच.

आता "कॉलेजचंच गोल्फ" हा मुद्दा. कुणाशी खेळत होती ते बघा ना. स्वीडनची इंग्रिड लिंडब्लाड एलएसयूकडून (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) खेळायची, तिच्या नावावर कॉलेजमध्ये १५ विजय, आणि २०२२ च्या यूएस विमेन्स ओपनमध्ये पहिल्याच दिवशी तिने ६५ मारले (गोल्फमध्ये जितके कमी फटके तितकं चांगलं), त्या स्पर्धेच्या इतिहासात कुठल्याही अमॅच्युअरचा, म्हणजे हौशी खेळाडूचा, सगळ्यात कमी स्कोअर. रोझच्या स्वतःच्या टीममध्ये रेचल हेक, जी २०२१ ची राष्ट्रीय विजेती. या मुली प्रो टूरच्या दारातच उभ्या असतात, वयाने फक्त लहान. अमॅच्युअर वर्ल्ड रँकिंगमध्ये रोझ एकूण १४१ आठवडे पहिली होती, त्याआधीचं रेकॉर्ड आयर्लंडच्या लिओना मॅग्वायरचं, १३५ आठवडे, आणि लिओना पुढे एलपीजीएवर, म्हणजे महिलांच्या मुख्य प्रो टूरवर, जिंकलेली आहे.

कॉलेज गोल्फ कसं चालतं हे थोडं सांगते, त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. टीममधले पाच जण खेळतात आणि रोज त्यातले चार चांगले स्कोअर धरतात. साधारण ५४ होलची, म्हणजे १८-१८ होलच्या तीन फेऱ्यांची, स्पर्धा असते, बऱ्याचदा एकाच दिवसात ३६ होल चालायचे, बॅग स्वतः उचलायची किंवा ट्रॉली ढकलायची, कॅडी वगैरे काही नाही, कोच मात्र सोबत चालून सल्ला देऊ शकतात. नेहमीच्या स्पर्धांत कट नसतो. प्रो स्पर्धेत पहिले दोन दिवस वाईट गेले की कट चुकतो आणि माणूस घरी जातो, इथे वाईट खेळलात तरी शेवटपर्यंत खेळावंच लागतं आणि तुमचा तो वाईट स्कोअर टीमच्या बेरजेत येऊ शकतो. नॅशनलला, म्हणजे एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या चॅम्पियनशिपला, आधी ७२ होल स्ट्रोक प्ले (एकूण फटके, म्हणजे स्ट्रोक, मोजायचे), त्यावरून वैयक्तिक विजेती ठरते आणि पहिल्या आठ टीम पुढे मॅच प्लेला जातात, तिथे पाच विरुद्ध पाच, एकेकीची समोरासमोर लढत.

आणि आता माझा खरा मुद्दा. रोझचं वेगळेपण तिच्या चांगल्या दिवसांत नाही, चांगल्या दिवशी बऱ्याच जणी जिंकतात. तिचं वेगळेपण हे की खेळ बिघडलेल्या दिवशीसुद्धा ती जिंकते. कुठल्याही कॉलेज गोल्फरचं करिअर बघायचं असेल तर मी आधी शेवटच्या दिवसाचा स्कोअर बघते, एकूण विजय नंतर.

टायगरचंच घ्या. १९९६ ची एनसीएए, टेनेसीमध्ये ऑनर्स कोर्सवर, तीन दिवस ६९, ६७, ६९ आणि शेवटच्या दिवशी चक्क ८०! तरी चार स्ट्रोकने जिंकला. लोकांना ६७ आठवतो, मला ८० जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने आधीच एवढी आघाडी केली होती आणि ८० मारत असताना ती पूर्ण घालवली नाही.

रोझकडे हे परत परत दिसतं. २०२२ ची एनसीएए ॲरिझोनात ग्रेहॉकला झाली, शेवटच्या दिवशी ती पारच्या (कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांच्या) वर, म्हणजे खराब, खेळली आणि तरी तीन स्ट्रोकने वैयक्तिक विजेती, शिवाय काही दिवसांनी फायनलला ऑरेगॉनला ३-२ हरवून स्टॅनफर्डने टीमचं विजेतेपदही घेतलं. मग २०२३ चं ऑगस्टा. ऑगस्टा नॅशनल विमेन्स अमॅच्युअरचे पहिले दोन दिवस दुसऱ्या कोर्सवर असतात, चॅम्पियन्स रिट्रीटवर, तिथे तिने ६६ आणि ६५ मारले, १३ अंडर (पारपेक्षा १३ फटके कमी), पाच स्ट्रोकची आघाडी. शेवटचा दिवस खऱ्या ऑगस्टावर, जिथे पुरुषांची प्रसिद्ध मास्टर्स स्पर्धा होते, आणि तिथे ७६. पाचची आघाडी पूर्ण गेली, जॉर्जिया युनिव्हर्सिटीच्या जेनी बेने गाठलं, दोघी ९ अंडर. आता अशा वेळी काय होतं हे गोल्फ बघणाऱ्या कुणालाही माहीत असतं, जिने गाठलंय तिच्याकडे वारं असतं आणि जिने घालवलंय ती मनातल्या मनात आधीच हरलेली असते. रोझने दुसऱ्या प्लेऑफ होलवर (बरोबरी सोडवायला खेळतात त्या जादा होलवर) ती स्पर्धा जिंकली. याच स्पर्धेत २०२१ मध्ये तेराव्या होलला तिची ट्रिपल बोगी (पारपेक्षा तीन फटके जास्त) झाली होती आणि प्लेऑफ थोडक्यात हुकला होता, म्हणजे या कोर्सने तिला एकदा चांगलाच धडा दिलेला होता, तो सगळा डोक्यात असणारच ना.

मे २०२३ ची एनसीएए पुन्हा ग्रेहॉकलाच, पण गोष्ट उलटी. यावेळी ती मागे होती, शेवटच्या दिवशी ६८ मारून १० अंडरवर पोचली आणि यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी) कॅथरीन पार्कला एका स्ट्रोकने मागे टाकलं. महिलांमध्ये दोनदा वैयक्तिक एनसीएए विजेती होणारी ती पहिली. हे किती अवघड आहे त्याचं एक उदाहरण देते. लोरेना ओचोआ, मेक्सिकोची, पुढे जगात नंबर एक झाली, २००१-०२ च्या सीझनमध्ये ॲरिझोना युनिव्हर्सिटीकडून तिने १० पैकी ८ स्पर्धा जिंकल्या होत्या त्यातल्या पहिल्या सात सलग, आणि इतकं असूनही २००१ आणि २००२ दोन्ही वर्षी नॅशनलला ती दुसरी आली. वर्षभर सगळ्यांना हरवून नेमक्या त्या चार दिवसांत नाही जमलं. रोझने २०२२-२३ मध्ये त्या ८ विजयांची बरोबरी केली आणि त्यात नॅशनलही होतं. तुलना करायचीच तर मला टायगरपेक्षा ओचोआशी केलेली जास्त पटते, एकच खेळ, एकच लीग, तेवढ्याच स्पर्धा.

त्यावर्षी टीम मात्र सेमीफायनलला यूएससीकडून हरली, ते विजेतेपद वेक फॉरेस्टने नेलं. रोझच्या करिअरचा हिशोब मांडताना हे पण धरायला हवं, कारण कॉलेजमध्ये तुम्ही एकट्यासाठी खेळत नाही आणि एक खेळाडू कितीही भारी असली तरी मॅच प्लेमध्ये तिचा एकच पॉइंट असतो.

आता प्रो होण्याबद्दल. २२ मेला ती एनसीएए जिंकली, २४ मेला २० वर्षांची झाली, त्याच आठवड्यात प्रो झाल्याचं जाहीर केलं आणि जूनच्या सुरुवातीला पहिली प्रो स्पर्धा, मिझुहो अमेरिकाज ओपन, आमच्याच इथे जर्सी सिटीत लिबर्टी नॅशनलवर. रविवारी मी तिथे होते. अर्ध्या न्यू जर्सीला गोल्फ माहीत नाही पण त्या दिवशी लहान मुली आईबाबांबरोबर मोठ्या संख्येने आल्या होत्या, कितीतरी जणी पहिल्यांदाच गोल्फ बघायला आल्यासारख्या वाटत होत्या. रोझ आघाडीवर होती आणि दिवस पुन्हा तिचा नव्हता, पट (चेंडू होलमध्ये घालायचे हलके फटके) पडत नव्हते, अठराव्या होलला जिंकायला आठेक फुटांचा पट आणि तो हुकला. बोगी. एकूण ७४. मी शेजारणीला म्हटलं की हे ऑगस्टासारखंच चाललंय, आता प्लेऑफ बघ. समोर कोण तर जेनिफर कपचो, जी २०१८ ची एनसीएए विजेती, ऑगस्टाची ती अमॅच्युअर स्पर्धा २०१९ मध्ये सगळ्यात पहिली जिंकलेली, आणि २०२२ मध्ये मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकलेली. म्हणजे रोझ ज्या वाटेने आली त्याच वाटेने पुढे गेलेली बाई. दुसऱ्या प्लेऑफ होलला रोझने शांतपणे पार केला, कपचोची बोगी झाली आणि संपलं. एलपीजीएवर प्रो म्हणून पदार्पणातच जिंकणं याआधी १९५१ मध्ये बेव्हर्ली हॅन्सनने केलं होतं, मध्ये ७२ वर्षं कुणालाच जमलं नाही.

१ एप्रिलला ऑगस्टा, २२ मेला एनसीएए, ४ जूनला मिझुहो. तिन्ही शेवटच्या होलपर्यंत ताणलेल्या, दोन तर प्लेऑफ. याला नशीब म्हणता येत नाही हो. मला वाटतं ही सवय कॉलेजनेच लावली, कारण खेळ बिघडला म्हणून हातपाय गाळायची सोयच नव्हती, मागे चार मैत्रिणी त्याच स्कोअरकार्डवर अवलंबून. तिच्या खेळात डोळे दिपवणारं असं फारसं नाही, सगळ्यात लांब मारणारी ती नाही, आयर्नचे (मधल्या अंतराचे) फटके नेमके लागतात आणि एक खराब शॉट बसला तर त्याच्यामागे दुसरा येत नाही.

दोनच वर्षांत सोडायची घाई झाली का? पूर्वी हा प्रश्न जास्त कठीण होता कारण अमॅच्युअर राहायचं तर पैसे घ्यायचे नाहीत असा नियम होता. प्रसिद्ध गोल्फर मिशेल वी याच स्टॅनफर्डमध्ये शिकली, २०१२ मध्ये डिग्री घेतली, पण ती शाळेत असतानाच प्रो झालेली असल्यामुळे कॉलेजच्या टीमकडून एकही स्पर्धा खेळू शकली नाही. (मिझुहो स्पर्धेची होस्ट तीच होती, आणि रोझ जिंकली तेव्हा ती तिथेच होती.) जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे करार करता येतात, त्यामुळे रोझने २०२२ मध्ये आदिदासबरोबर करार केला आणि तरी टीममध्ये खेळत राहिली. म्हणजे पैशासाठी पळून जायची गरज तिला नव्हती. दोन एनसीएए, ऑगस्टा, २०२० ची यूएस विमेन्स अमॅच्युअर, २०२१ ची यूएस गर्ल्स ज्युनियर, अमॅच्युअरमध्ये जिंकायचं राहिलंच काय होतं? अजून दोन वर्षं थांबून तिने २० विजय केले असते कदाचित, पण त्यातून ती नवीन काय शिकली असती मला दिसत नाही. उलट पहिलीच स्पर्धा जिंकल्यामुळे तिला एलपीजीएचं सभासदत्व थेट मिळालं, क्वालिफायिंग स्कूलच्या, म्हणजे पात्रता स्पर्धांच्या, चक्रात पडावंच लागलं नाही.

शिक्षण सोडलं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. प्रो झाल्यावरही ती हिवाळ्यातल्या क्वार्टरला (सत्राला) कॅम्पसवर परत जाऊन वर्ग करायची आणि वर्षाच्या सुरुवातीच्या स्पर्धा त्यासाठी सोडायची. यावर टीका करणारे आहेत, की रिदम जातो, सीझन उशिरा सुरू होतो, आणि ते अगदीच खोटं नाही. पण २०२४ मध्ये असंच वर्गातून येऊन मे महिन्यात क्लिफ्टनला, पुन्हा न्यू जर्सीत, फाउंडर्स कप जिंकली, नेली कोर्डा त्याच्या आधी सलग पाच स्पर्धा जिंकून सहाव्या विजयासाठी आलेली असताना. रोझ शेवटच्या दिवशी मॅडलीन सॅगस्ट्रमच्या मागे होती, शेवटच्या पाच होलमध्ये चार बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केल्या आणि २४ अंडरने दोन स्ट्रोकने जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हर्जिनियात सोलहाइम कपला (अमेरिका विरुद्ध युरोप) चार मॅच खेळली आणि चारही जिंकल्या, तो तर टीमचाच खेळ, कॉलेजला खेळायची तसाच.